अण्णांची येझदी: 19 वर्षं उभी, इंजिन जाम. कुठून सुरुवात करू?

सातपुडा_पायथा (रावेर तालुका) | 23 मार्च

राम राम मंडळी.

मी मेकॅनिक नाही, केळी लावतो. आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची, येझदी 250 मोटरसायकल आहे, 1982 ची. अण्णा 2006 च्या पावसाळ्यात गेले. तेव्हापासून गाडी मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. यंदा शेड रिकामं करायला घेतलं, तर ठिबकच्या जुन्या नळ्यांच्या बंडलांखालून ती निघाली.

अवस्था सांगतो. दोन्ही टायर बसलेत. टाकीत गंजाचा चिखल आहे. सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं आणि डाव्या सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं. किक अर्धी बोटभर जाते आणि थांबते. गावातले दोन मिस्तरी येऊन बघून गेले. एक म्हणाला, इंजिन जाम आहे, किलोवर द्या. दुसरा गाडीवर उभा राहून किकवर उडी मारणार होता, त्याला मीच थांबवलं.

या गाडीवर अण्णा भुसावळच्या स्टेशनावर मला घ्यायला यायचे. पुढे टाकीवर माझी ट्रंक, मागे मी. मला ती चालू करायची आहे, आणि जमेल तितकं माझ्या हातानं करायचं आहे. संध्याकाळचे दोन तास मिळतात. रिंग पान्यांचा सेट आहे, ग्रीस गन आहे, धीर आहे. पहिलं काम काय?

---

तापीकाठ (अमळनेर) | 23 मार्च

बापनी गाडी शे, भंगारमा देवानी नही भाऊ.

उडी मारू दिली नाही हे फार चांगलं केलं. येझदीत किक आणि गिअरचा दांडा एकच. आत दाबून मागे फिरवला की किक, सोडला की गिअर. आतले दात एकदा गेले तर इंजिन सुटेल आणि किकच राहणार नाही, मग त्यासाठी वेगळं इंजिन खोला. प्लग काढा, भोकातून डिझेल ओता, आठ दिवस विसरा.

---

लेथवाला_आबा (धुळे) | 24 मार्च

31 वर्षं लेथवर आहे. बोअर मारणं (सिलिंडर आतून कापून मोठा करणं), क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) प्रेस करणं, हेच काम. म्हणून थोडं लांब लिहितो.

भाऊ, डिझेल ओतायच्या आधी दोन गोष्टी बघ.

एक. जाम खरंच इंजिन आहे का? गाडी मधल्या स्टँडवर घे. गिअर न्यूट्रलला येतो का बघ. मागचा ब्रेक ड्रमला चिकटला असेल आणि गाडी गिअरमध्ये अडकली असेल, तरी माणसाला वाटतं इंजिन गेलं. क्लच प्लेटाही एकमेकींना चिकटतात. या गाडीत प्लेटांना बुचाचा लायनर असतो, तो वाळून धरतो.

दोन. जाम इंजिनच असेल, तर त्यातलं काय? पिस्टन की क्रँकचे बेअरिंग? उजव्या बाजूचं झाकण उघड. तिथं डायनॅमो थेट क्रँकच्या टोकावर बसलेला असतो. त्याच्या बोल्टला पाना लाव आणि जोर न लावता दोन्हीकडे हलव. केसभर हलून "टक" असा आवाज आला, तर क्रँक मोकळा आहे आणि पिस्टननं धरलंय. तो टक म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) खालच्या बेअरिंगचा खेळ. अजिबात हललं नाही तर क्रँककेसमध्ये पाणी बसून बेअरिंग गंजलेत असं समज. मग वरून कितीही तेल ओत, उपयोग नाही, इंजिन खाली उतरवायला लागेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पिस्टन कुठं उभा आहे ते बघ. दोन्ही सायलेन्सर काढ आणि टॉर्च मारून भोकातून बघ. पिस्टनची बाजू दिसते की आतली पोकळी? पुढचे सगळे उपाय त्यावर ठरतात. लोक आधी हातोडा घेतात आणि पिस्टन कुठं आहे हे इंजिन फुटल्यावर बघतात.

घाई नको करू. बठ्ठं व्हई (सगळं होईल).

---

सातपुडा_पायथा | 27 मार्च

आबा, तुमच्या क्रमानं गेलो.

न्यूट्रल मिळाला, पण चाक फिरत नव्हतं. मागचा ब्रेक चिकटलेला होता. ड्रमवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके मारत सोडवला. म्हणजे एक जाम सुटला.

डायनॅमोचा बोल्ट: टक आवाज येतो. क्रँक मोकळा.

सायलेन्सरचे गोल नट सोडवायला तीन संध्याकाळी गेल्या. रोज थोडं डिझेल आणि हुक पाना. डावीकडून टॉर्च मारला तर पिस्टनची बाजू दिसते, उभे ओरखडे आणि तपकिरी डाग. म्हणजे पिस्टनचा माथा भोकाच्या वर आहे ना? प्लगच्या भोकातून बांबूची काडी घालून बघितली, माथा बराच वर लागतो.

---

लेथवाला_आबा | 27 मार्च

बरोबर. माथा वर आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगांनी सिलिंडर धरलाय. वरच्या पोकळीला बाहेरचा रस्ता नाही, ही तुझ्या नशिबाची गोष्ट. का ते पुढे सांगेन, लागलं तर. आधी साधा उपाय.

---

दोन_स्ट्रोक (पुणे, मूळ चाळीसगाव) | 28 मार्च

ब्रेक सोडवताना निघालेली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, फुफ्फुसात गेलं तर वाईट. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

तेलाचं म्हणाल तर नुसत्या डिझेलपेक्षा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं पातळ तेल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं जास्त आत शिरतं. ॲसिटोन पातळ करतं आणि उडून जातं, तेल मागे राहतं. ॲसिटोन पेटतं, शेडमध्ये बिडी-सिगारेट नको. रंगावर सांडलं तर रंग जाईल.

गाडी एवढी धरली का, याचं कुतूहल आहे. नुसती उभी राहून येझदी सहसा इतकी गंजत नाही. टू-स्ट्रोक पेट्रोलमधल्या ऑईलचा थर आत राहतो. शेडमध्ये आणखी काय ठेवलं होतं?

---

सातपुडा_पायथा | 28 मार्च

खतं. केळीला पोटॅश किती लागतं तुम्हाला माहीत आहे. युरिया आणि पोटॅशच्या गोण्या वर्षानुवर्षं गाडीला टेकूनच असायच्या. उजव्या बाजूच्या ॲल्युमिनियमवर पांढरा भुसा आलाय, डाव्या बाजूवर तेवढा नाही. गोण्या उजव्या बाजूला होत्या.

---

दोन_स्ट्रोक | 28 मार्च

हेच. खत हवेतला ओलावा ओढतं आणि पोटॅश म्हणजे क्षारच, लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातं. ज्यांच्या शेडमध्ये जुनी गाडी आणि खत शेजारी-शेजारी आहे त्यांनी हे वाचून आजच गोण्या हलवा.

---

सातपुडा_पायथा | 14 एप्रिल

अठरा दिवस झाले. एटीएफ-ॲसिटोन तीनदा भरलं. पातळी खाली जाते, म्हणजे रिंगांच्या बाजूनं झिरपतंय. पण हलत नाही. गाडी टॉप गिअरला टाकून मागचं चाक पुढे-मागे हलवतो, दोन्ही हातांनी, धक्का न देता. काही नाही.

हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) काढून बघितलं. माथ्याभोवती सगळीकडून गंजाची तपकिरी रेघ. आमच्याकडे आता ऊन 43 वर गेलंय. गाडी दिवसभर पत्र्याखाली उन्हात ठेवली तर सैल होईल का? की माथ्यावर लाकूड ठेवून ठोकू?

---

तापीकाठ | 14 एप्रिल

उन्हात ठेवा. लोखंड फुगलं की सुटतं.

---

लेथवाला_आबा | 15 एप्रिल

तापीकाठभाऊ, रागावू नका, पण इथं उलटं होतं. सिलिंडर बीडाचा (ओतीव लोखंडाचा), पिस्टन ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम तापल्यावर बीडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. दोन्ही सारखे तापले तर पिस्टन आणखी घट्ट बसेल. तापवायचा तर फक्त सिलिंडर, बाहेरून, भरभर, म्हणजे पिस्टनपर्यंत ऊब पोचायच्या आत. पण आत ॲसिटोन आणि तेल असताना ज्योत नको. गरम पाण्याचे कपडे गुंडाळून कर.

उन्हाचा फायदा एवढाच की दिवसा ताप, रात्री गार, असं चाललं की गंजाच्या थराला बारीक भेगा पडतात आणि तेल आत उतरतं. म्हणून रात्री तेल भरा. सुटेल म्हणून नव्हे, झिरपेल म्हणून.

ठोकायचं नाही. पिस्टनचा माथा पातळ असतो आणि सिलिंडर गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्या, म्हणजे बीडाचे पंखे, चहाच्या कपासारखे तुटतात. तुटलेला पंखा वेल्ड करून देणारे माझ्या माहितीत दोन-तीनच कारागीर आहेत.

---

सातपुडा_पायथा | 2 मे

अजून नाही. रात्री तेल, सकाळी गरम पाण्याचे कपडे, मग चाक हलवणं. रोज. माय म्हणते, तुझ्या अण्णांनी या गाडीला एवढा वेळ दिला असता तर घरी कधी आलेच नसते.

आबा, तुम्ही म्हणाला होता की माथा वर आहे हे नशीब. आता सांगा.

---

लेथवाला_आबा | 3 मे

सांगतो. ग्रीस.

जुना प्लग घे. चिनी मातीचा भाग फोडून काढ, लोखंडी टोपण राहू दे. लेथवर आतून साफ करून त्यात ग्रीसचं निपल ब्रेझ करून घे, कुठलाही टर्नर पंधरा मिनिटांत करून देईल. प्लगचे आटे 14 मिमीचे आहेत, त्यामुळे ते टोपण हेडमध्ये बसेल. हेड परत लाव, नट मॅन्युअलप्रमाणे सारखे कस. टोपण लाव, ग्रीस गन लाव आणि भर.

ग्रीस दबत नाही. पोकळी भरली की सगळा जोर माथ्यावर पडतो, आणि तो माथ्यावर सगळीकडे सारखा पडतो. हातोड्याचा जोर एका ठिकाणी पडतो, म्हणून तो फोडतो.

आता नीट वाच. हे तुला चालेल कारण पिस्टननं सायलेन्सरची भोकं झाकलीत. माथा भोकाच्या खाली असता तर ग्रीस भोकातून बाहेर येत राहिलं असतं. दुसरं, क्रँक मोकळा आहे हे तू बघितलंयस. क्रँक जाम असताना कुणी ग्रीस भरलं तर रॉड वाकेल. तिसरं, गाडी न्यूट्रलला ठेव. चौथं, गन जड झाली की थांब. रात्रभर दाब राहू दे. हँडलवर पाईप लावून जोर वाढवू नकोस. तोंड गनसमोर धरू नकोस, निपल उडालं तर गोळीसारखं येतं.

आणि एक गोष्ट आधीच मान्य कर. पिस्टन खाली गेला की ग्रीस आतल्या रस्त्यांनी क्रँककेसमध्ये उतरेल. म्हणजे इंजिन पूर्ण खोलून धुवावंच लागेल. 19 वर्षं उभं इंजिन तसंही खोलल्याशिवाय चालू करू नये, असं माझं मत आहे.

---

दोन_स्ट्रोक | 3 मे

आबांच्या शेवटच्या वाक्याला माझा पाठिंबा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाही पंपच असतो. त्याचे दोन्ही बाजूंचे रबरी सील 19 वर्षांत लाकडासारखे झाले असणार. ते न बदलता चालू केली तर हवा ओढेल, मिश्रण पातळ होईल, ऑईल कमी पडेल आणि पिस्टन पुन्हा धरेल.

---

सातपुडा_पायथा | 9 मे

हललं!

टोपण फैजपूरच्या टर्नरकडून करून आणलं. काल संध्याकाळी भरायला सुरुवात केली. पोकळी भरायला बराच वेळ लागला, मग एकदम गन जड झाली. आठ-नऊ दाब दिले आणि थांबलो. रात्री शेडमध्येच खाट टाकली. दोनदा उठून बघितलं, काही नाही.

सकाळी साडेपाचला गन दाबली तर हँडल सहज गेलं. वाटलं निपलच्या बाजूनं गळतंय. गळत नव्हतं. आणखी दाबलं. मग आतून आवाज आला, जुना दरवाजा पावसाळ्यानंतर पहिल्यांदा उघडावा तसा. डायनॅमोच्या बोल्टकडे माझी पोरगी टॉर्च धरून बसली होती, ती ओरडली, फिरतोय, पप्पा फिरतोय. वीस-पंचवीस दाबांत डाव्या भोकातून ग्रीस बाहेर आलं, गोल वळी पडावी तसं.

माय अंगणात होती. तिला सांगितलं. तिनं काही विचारलं नाही, हातातला झाडू टेकवला आणि शेडपर्यंत आली.

---

तापीकाठ | 9 मे

अंगावर काटा आला भाऊ. पोरीला आमच्याकडून शाबासकी.

---

लेथवाला_आबा | 9 मे

आता खोल. पिस्टन फेकू नकोस, बोअर मोजायला सोबत आण. नवा पिस्टन घेतल्याशिवाय बोअर मारू देऊ नकोस कुणाला. पिस्टन आधी, बोअर नंतर. पिस्टन हातात असेल तर टर्नर त्याला मायक्रोमीटर लावून गाळा (पिस्टन आणि सिलिंडरमधलं अंतर) ठरवतो. आकडा ऐकून बोअर मारणारा टर्नर असेल तर तिथून उठ.

---

सातपुडा_पायथा | 7 जून

महिनाभर गप्प होतो. मेच्या शेवटी वादळ आलं आणि दोन हजार झाडं आडवी झाली. घड निसवायच्या बेतात होते. पंचनामे, मजूर, आडवी झाडं बाहेर काढणं, यात गाडीकडे बघायचं मन नव्हतं. परवा पहिल्यांदा शेडमध्ये गेलो.

इंजिन खोललंय. जे दिसलं ते लिहितो:

सिलिंडरमध्ये वरच्या रिंगा जिथं उभ्या होत्या तिथं गोल खड्डे पडलेत, नखाला लागतात. पिस्टनच्या रिंगांची खाच उजव्या बाजूनं खाल्ली गेलीय. मला जुना पिस्टन वाचवायचा होता, अण्णांच्या हातचा. नाही वाचणार.

क्रँक वरून ठीक वाटतो, पण रॉड खाली ओढला की टिचकी लागते. गिअरबॉक्समधून निघालेलं ऑईल दुधाच्या चहासारखं होतं. बुचाच्या क्लच प्लेटा एकत्र चिकटलेल्या, सुटल्या तेव्हा बूच पत्र्यावरून निघून आलं.

आबा, सगळं घेऊन तुमच्याकडे धुळ्याला येऊ का?

---

लेथवाला_आबा | 7 जून

ये. जेवायलाच ये. कळण्याची भाकरी आणि भरीत असेल, वांगी तुमच्या बाजूची आण.

झाडांचं वाचून वाईट वाटलं. तू परत शेडमध्ये गेलास ते बरं केलंस.

---

सातपुडा_पायथा | 15 जून

आबांकडे गेलो होतो. त्यांच्याकडे पाहिलेलं लिहितो, कारण हे कुणी सांगत नाही.

सिलिंडरला मायक्रोमीटर आधी लावला, यंत्राला नंतर. मूळ बोअर 65 मिमी. त्यापेक्षा 0.50 मिमी मोठा मारून बघितला तर दोन खड्डे राहिले. आबा म्हणाले, "राहू दिले तर चालेल, पण रिंग तिथून जाताना दर वेळी आपटेल." नवा पिस्टन 0.50 चा आणलेला होता, तो परत करून 0.75 चा घेतला आणि मग बोअर साफ आला.

बोअर मारल्यावर सायलेन्सरच्या आणि आतल्या भोकांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. आबांनी प्रत्येक कडेला हातानं बारीक कानसीनं उतार दिला, पाऊण तास. "चार-स्ट्रोकवाला हे विसरतो, कारण त्याच्या बोअरला भोकंच नसतात. मग टू-स्ट्रोकची रिंग भोकात अडकते आणि तुटते." रिंगांची टोकं जिथं येतात तिथं पिस्टनच्या खाचेत बारीक पिना असतात, त्याही दाखवल्या. रिंग त्या पिनेवर बसली नाही आणि तसाच सिलिंडर सरकवला तर रिंग जागेवर मोडते.

नव्या रिंगा नुसत्या सिलिंडरमध्ये घालून टोकांमधलं अंतर फीलर गेजनं मोजलं. एवढ्या बोअरला पाव मिमीच्या आसपास हवं. एक रिंग घट्ट होती, तिचं टोक घासलं.

क्रँकचा रॉड, पिन, रोलर सगळं नवीन. खालच्या रोलरला एकाच बाजूनं ठिपके पडले होते. क्रँककेसच्या तळाशी पाणी साचून रोलरची तेवढीच बाजू त्यात बुडालेली असणार. प्रेस केल्यावर क्रँक दोन टोकांवर धरून डायल गेज लावला, तांब्याच्या हातोड्यानं हलके ठोके देत देत काटा जवळपास थांबेपर्यंत. त्यात दुपार गेली. मी बघत बसलो. एवढ्या मन लावून काम करणारा माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

---

दोन_स्ट्रोक | 16 जून

वाचून समाधान वाटलं. ही इंजिनं म्हैसूरला बनली, कारखाना 1996 ला बंद झाला आणि तरी आज 0.75 चा पिस्टन मिळतो. देशभर जुन्या जावा-येझदी चालवणारे आहेत, म्हणून सुटे भाग निघत राहतात.

दोन्ही सील बसवताना ओठाला ऑईल लावा आणि शाफ्टच्या खाचेवर टेप गुंडाळून मग सरकवा, नाहीतर नवा सील बसवतानाच कापला जातो.

---

पारोळ्याची_लेक | 16 जून

मी इथं वाचते फक्त, पण कागदांचं कुणी बोलत नाहीये म्हणून लिहिते. वडिलांच्या बुलेटचं मी केलंय.

आरसी अण्णांच्या नावावर असेल. वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. नोंदणी पहिल्या 15 वर्षांची असते, ती केव्हाच संपली. नूतनीकरणाला फॉर्म 25, ते पाच वर्षांसाठी होतं. गाडी दाखवायला न्यावी लागते, विमा आणि पीयूसी लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो. तुमचा नंबर जुन्या तीन अक्षरांच्या मालिकेतला असेल, तर तो ऑनलाइन दिसणार नाही. आधी जळगावच्या आरटीओ कार्यालयात बॅकलॉग नोंद (जुनी कागदावरची नोंद संगणकात चढवणं) करून घ्या, त्याशिवाय पुढचा अर्जच भरता येत नाही.

कुणी म्हणेल व्हिंटेजमध्ये टाका. त्याला गाडी 50 वर्षांहून जुनी लागते. 1982 ची बसत नाही.

आणि चेसिस नंबर वाचता येतो का ते आजच बघा. रंगवणारा सगळ्यात आधी तोच पुसतो.

---

सातपुडा_पायथा | 17 जून

ताई, फार उपकार. चेसिस नंबर ब्रासच्या ब्रशनं साफ केला, वाचता येतो. रंग देणारच नाही. मायनं सांगितलंय, टाकीवर अण्णांच्या गुडघ्यानं घासून पांढरं झालेलं आहे ते तसंच राहू द्या.

टाकी: किराणा दुकानातलं लिंबूसत्व गरम पाण्यात, दीड दिवस. आत मूठभर नट टाकून हलवली, नंतर नट मोजून काढले. मग खाण्याचा सोडा, साधं पाणी, ऊन, आणि कोरडी झाल्याबरोबर आत टू-टी ऑईल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं) फिरवलं. हे शेवटचं लगेच केलं नाही तर संध्याकाळपर्यंत परत तांबूस होते, पहिल्या वेळी माझं तसंच झालं.

कार्ब्युरेटरचा बारीक जेट बंद होता. तार घालणार होतो, आबांनी फोनवर थांबवलं. पितळ आहे, भोक मोठं होईल. नायलॉनच्या झाडूची काडी घातली.

---

सातपुडा_पायथा | 6 जुलै

काल चालू झाली.

ठिणगी दोन दिवस येत नव्हती. कंडेन्सर बदलला, पॉईंट पॉलिश पेपरनं साफ केले, टायमिंग आबांनी दिलेल्या डायल गेजनं लावलं. पेट्रोल एक लिटर, त्यात 50 मिली टू-टी, म्हणजे 1:20. किक सातव्यांदा मारली तेव्हा खोकली, अकराव्या किकला धरली. पांढरा धूर एवढा झाला की शेडमध्ये पोरगी दिसेना. तो ग्रीसचा आणि ऑईलचा होता, दहा मिनिटांत विरळ झाला. गिअरबॉक्सची पातळी खुणेवर बघून ठेवली होती, आज पुन्हा बघितली, कमी झालेली नाही. म्हणजे त्या बाजूचा सील धरून आहे.

दोन नळ्यांचा तो आवाज. शेजारच्या मळ्यातले काका, सत्तरी ओलांडलेले, बांधावरून चालत आले आणि लांबूनच विचारलं, "अण्णा आले का?"

---

तापीकाठ | 6 जुलै

तीनदा वाचलं.

---

दोन_स्ट्रोक | 6 जुलै

मनापासून अभिनंदन. जुलैचा दुसरा रविवार जावा-येझदीवाल्यांचा दिवस असतो, म्हणजे पुढचाच. पण पहिले 500 किलोमीटर सलग चढ नको, एका वेगावर फार वेळ नको, मध्ये मध्ये थ्रॉटल सोडा. सलग 20 किलोमीटर झाले की उतरा आणि इंजिन गार होऊ द्या.

पंपावर आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते पाणी ओढतं. गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालवा. जुन्या रबरी नळीच्या जागी इथेनॉल झेलणारी नळी लावा.

---

सातपुडा_पायथा | 13 जुलै

आज चांगदेवला जाऊन आलो, तापी-पूर्णेच्या संगमावर. कागद अजून व्हायचेत, म्हणून जाताना गाडी भावाच्या टेम्पोत घालून नेली, मंदिरामागच्या शेतातल्या रस्त्यावर चालवली आणि तशीच आणली. माय मागे बसली. नदीला पाणी चढलंय, गढूळ.

प्लग काढून बघितला, तपकिरी, चॉकलेटी. आबा म्हणाले ठीक आहे, जेट हलवू नको. पुढच्या आठवड्यात जळगावला बॅकलॉगसाठी जायचंय.

---

नवीन_सदस्य_शिरपूर | 14 जुलै

हा धागा रात्री एका बैठकीत वाचला. आमच्या मामांची राजदूत 175 आहे, दूध घालायची. नऊ वर्षं गोठ्यात उभी, किक हलत नाही. ते ग्रीसचं टोपण मिळेल का? माझ्याकडे टर्नर नाही.

---

सातपुडा_पायथा | 14 जुलै

देतो. गुरुवारी आमचा केळीचा ट्रक शिरपूरवरून इंदूरकडे जाणार आहे, ड्रायव्हरकडे देतो. आधी तुमच्या प्लगचे आटे मोजून घ्या, 14 मिमी असतील तरच बसेल.

आणि ट्रक यायच्या आत सायलेन्सर काढून टॉर्च मारा. पिस्टनची बाजू दिसते की पोकळी, ते इथं लिहा.